पिंप कोण फिरवतं?

त्या वर्षी दारा लुमिंगने जे मनात घेतलं होतं, ते सान फर्नांदो शहराच्या नाताळातल्या कंदील-स्पर्धेत आजवर कुणी करून दाखवलं नव्हतं. कुणी केलं नव्हतं म्हणूनच तिला ते करायचं होतं.

"आतून लाल फूल उमलत बाहेर येणार," चॅपेलमागच्या पटांगणात मातीवर काठीने रेघा ओढत ती भाचीला सांगत होती. "त्याच वेळी बाहेरून पांढरं फूल मिटत आत जाणार. अर्ध्या वाटेत दोघं एकमेकांना ओलांडणार. मग सगळा अंधार. मधोमध फक्त एक दिवा. बँड चढत चढत वर जाणार आणि शेवटच्या सुराला... भडाम! सगळे दिवे एकदम!"

"भडाम आत्ताही होतंय की," आर्नेल वायरींच्या जंजाळातून डोकं काढत म्हणाला. "फक्त मध्येच होतंय."

भाची म्हणजे रोवेना क्यांबाव, हायस्कुलात गणित शिकवणारी. आर्नेल तिचा धाकटा भाऊ, मॉलमध्ये विजेची कामं बघायचा. दोघांची ही मावशी, तिकडच्या बोलीत 'दारा', सान्ता रुफिना वस्तीची कंदिलवाली. नवरा गेल्यावर त्याची कात्री तिने जी हातात घेतली ती खाली ठेवलीच नाही. नाताळ जवळ आला की अख्खी वस्ती तिच्या हुकुमाखाली येई. पाद्रीबाबासुद्धा प्रार्थना आटोपून वायरी सोलायला बसत.

कंदील दुमजली घराएवढा. पुढून बघावं तर रंगीत पाकळ्या, मागून बघावं तर भुताटकी. हजारो दिव्यांच्या वायरी मागच्या बाजूला लोखंडी पिंपांपाशी येऊन थांबायच्या. प्रत्येक वायरीच्या टोकाला एक केसांची पिन, पिंपाला टेकलेली. पिंपावर चिकटपट्टीचे तुकडे लावलेले. पिनेखाली उघडा पत्रा आला की दिवा लागे, पट्टी आली की विझे. पिंप हाताने गरगर फिरवलं की पुढे दिवे नाचायचे. सान फर्नांदोत कंदील असेच नाचतात आणि असेच नाचले पाहिजेत, यावर कुणाचं दुमत नव्हतं.

पण दाराच्या या दोन फुलांना दोन पिंपं लागत होती, आणि ती दोन्ही वस्तीचा काका, बापा इस्को, एकटा फिरवत होता. एक उजव्या हाताने, एक डाव्या हाताने. सुरुवात झकास व्हायची. लाल निघे, पांढरं निघे, आणि ओलांडायच्या क्षणी सगळं फिसकटे. पाकळ्या अर्ध्या तुटत, पांढऱ्यात लाल घुसे, वरच्या कोपऱ्यातले दिवे मलूल होत. लग्नाच्या पंगतीत दोन म्हशी शिरल्यासारखं दिसे.

तिघांनीही आपापल्या परीने शोध चालवला होता. म्हणजे तिघांनीही आपापल्या चॅटबॉटला विचारलं होतं. आर्नेलचा एक होता, त्याच्या मॉलमधल्या सगळ्यांकडे तोच. रोवेनाचा दुसरा, शाळेतून मिळालेला. दाराचा तिसरा, तिच्या मुलीने दुबईहून फोन पाठवला त्यात आलेला. दारा त्याच्याशी लिहून बोलत नसे. फोन तोंडासमोर धरून निम्मं कापाम्पांगन, निम्मं तागालोग असं काहीबाही ती त्याला ऐकवायची आणि त्याला 'इहो' म्हणायची, बाळा म्हणावं तसं.

दुपारच्या खाण्याला पानसितच्या शेवया आणि कॉफी आली तेव्हा भांडणाला तोंड फुटलं.

"वायर बारीक पडतेय," आर्नेल म्हणाला. "लांबच्या दिव्यांपर्यंत दाब पोचतच नाही. माझ्याने स्वच्छ सांगितलंय."

"तुझ्याला काय कळतंय!" दारा उसळली. "माझा इहो म्हणतो, पट्ट्यांमधली फट कमी आहे. एक दिवा विझायच्या आत दुसरा लागतो, म्हणून गोंधळ."

"माझ्या मते..." रोवेना म्हणाली.

"तुझ्या मते की तुझ्या त्या मशिनच्या मते?"

"त्याच्या मते. दोन्ही पिंपं एकमेकांना बांधा म्हणतो. सायकलच्या साखळीने. एक फिरलं की दुसरं तेवढंच फिरेल."

"आणि वायर?"

"वायरीचं काही बोलला नाही."

"बघ! आंधळा आहे तुझा."

बापा इस्को तोंडात पानसित कोंबून हे ऐकत होता. दाराच्याच वयाचा, दंड नारळाच्या खोडासारखे. "लुमिंग," तो म्हणाला, "तीन डॉक्टरांकडे गेलं की तीन आजार होतात. माझी आई एकाकडेच जायची."

"आणि कशाने गेली?" दाराने विचारलं. इस्कोने पानसित आणखी वाढून घेतलं.

रोवेनाने काटा खाली ठेवला. तिला एकदम वर्गातली गोष्ट आठवली. मुलांना स्वतःचाच पेपर तपासायला दिला तर सगळा वर्ग पास होतो, म्हणून ती नेहमी पेपर अदलाबदल करून द्यायची. दुसऱ्याची चूक शोधताना पोरांच्या डोळ्यांना धार येते.

"दारा, फोन दे," ती म्हणाली. "आर्नेल, तुझाही."

"का?"

"तिघांचे पेपर बदलायचे."

तिने आर्नेलच्या चॅटबॉटचं उत्तर उचललं आणि बाकीच्या दोघांपुढे टाकलं. कुणाचं आहे ते सांगितलं नाही. 'यात चूक काय ते शोध. गोड बोलू नकोस,' एवढंच लिहिलं. दाराचं उत्तर आर्नेलच्या आणि स्वतःच्या चॅटबॉटला दिलं, स्वतःचं त्या दोघांना. तीन पडदे बाकावर शेजारी शेजारी ठेवले आणि तिघं त्यावर वाकले.

जे आलं ते बघून आर्नेलने शीळ घातली. ज्याने मघाशी वायरीचं नाव काढलं नव्हतं, तोच आता म्हणत होता की वायर बारीक पडते हे खरंच आहे, त्याने दिवे मलूल होतील, पण मलूल होणं वेगळं आणि क्रम चुकणं वेगळं, वायरीने क्रम चुकणार नाही. दाराच्या इहोने साखळीची कल्पना उचलून धरली, आणि वर विचारलं की साखळी ताणून ठेवायची सोय केली आहे का, नाहीतर झोल पडेल. आर्नेलच्याने फटीचा हिशोब पुन्हा मांडला आणि दाराच्या इहोने सांगितलेली फट निम्मीच पुरेल असं दाखवलं. मग रोवेनाने ते टीकेचे कागद मूळ लेखकांकडे परत धाडले. आर्नेलचा चॅटबॉट म्हणाला, बरोबर आहे, माझं निदान अपुरं होतं.

"कबूल केलं!" दारा टाळी वाजवत ओरडली. "इस्को, बघ! चूक कबूल केली! तुझ्या तोंडून हे ऐकायला मी म्हातारी झाले."

"मला दे, मला दे," आर्नेल बहिणीच्या हातातून लॅपटॉप ओढत होता. "आता साखळीवर भिडवू तिघांना. आत्सी, सरक ना!"

वायरी सोलणारी माणसं काम टाकून भोवती जमली. कोंबड्यांच्या झुंजीला जमावी तशी. कुणी म्हणे, दाराचा जिंकतोय, कुणी म्हणे, थांबा, शाळेचा अजून बोलायचाय. रोवेनाच्या कानशिलांवर घाम आला होता आणि ती हसत होती. एकट्या चॅटबॉटशी बोलताना तिला कायम वाटायचं, याला काहीही विचारा, हा मान डोलावणार. पण तिघं एकमेकांच्या अंगावर सोडले की प्रत्येकाच्या उत्तरातला भुसा उडून जात होता आणि दाणा उरत होता.

संध्याकाळी तिने तिघांचं मिळून एक उत्तर केलं. जे निदान दोघांनी मान्य केलं ते ठेवलं. जे एकट्याच कुणीतरी म्हटलं होतं ते काढून टाकलं. गणिताच्या बाईला ते रास्त वाटलं.

आर्नेलने बाहेरच्या पाकळ्यांना जाड वायर घातली. दाराने वस्तीतल्या बायका बसवून पट्ट्या नव्याने चिकटवल्या. एका मोडक्या तीनचाकीची साखळी दोन्ही पिंपांवर चढली. आता इस्कोला एकच दांडा दोन्ही हातांनी फिरवायचा होता. तालमीला बँड बोलावला. लाल उमललं, पांढरं मिटलं, आणि ओलांडताना एकही पाकळी तुटली नाही. दोन लाटा एकमेकींतून आरपार निघून गेल्या. पटांगणात असा गलका झाला की चॅपेलवरची कबुतरं उडाली.

आणि तिथेच पुढचं सगळं बिघडलं. दिवे बँडच्या पुढे पळू लागले. मधला एकटा दिवा लागला तेव्हा बँड अजून चढणीच्या पायथ्याशी होता, आणि भडाम झालं तेव्हा बँडमास्तरचा हात हवेतच राहिला. भडाम होऊन गेल्यावर बँड बापडा आणखी कितीतरी वेळ चढतच होता.

"तुम्ही हळू वाजवता!" आर्नेल बँडमास्तरावर खेकसला.

"मी घड्याळ लावून वाजवतो," बँडमास्तर म्हणाला. "घरचं भांडण घरात ठेव."

"माझा हात म्हणजेच घड्याळ आहे," इस्को म्हणाला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

रोवेना बाकावर जाऊन बसली.  निदान दोघांनी जे मान्य केलं होतं तेच तिने केलं होतं. मग? तिने पहिल्यापासूनचं सगळं पुन्हा वाचायला घेतलं, अगदी जे काढून टाकलं होतं तेही. दाराच्या फोनमध्ये, इहोच्या पहिल्याच उत्तराच्या शेपटाला एक ओळ होती. 'पिंप कोण फिरवतं? संगीत चढल्यावर किंवा लोक ओरडल्यावर त्या माणसाचा वेग बदलतो का?'

बाकी दोघांनी हे विचारलं नव्हतं. रोवेना आणि आर्नेल दोघांनीही प्रश्न लिहिताना 'पिंप एकसारख्या वेगाने फिरतं' असं टाकलं होतं आणि त्यांनी ते मुकाट्याने धरून चालवलं होतं. इहोला मात्र दाराने तोंडाने सांगितलं होतं, आणि तिच्या चऱ्हाटात 'आमचा इस्को' कुठेतरी येऊन गेला होता. एकट्याचा प्रश्न म्हणून रोवेनाने तो पुसला होता.

"दारा," ती उठली. "तुझ्या इहोने विचारलं होतं. मीच काढून टाकलं."

दाराने वाचलं. मग भाचीकडे पाहिलं. "वर्गात एकाच पोराने हात वर केला, तर तू त्याला खाली बसवतेस?"

"नाही."

"मग?"

"चुकलं," रोवेना म्हणाली, पण तिचे डोळे चमकत होते. तिने लॅपटॉप उघडलासुद्धा होता. "आर्नेल, तालमीचा व्हिडिओ काढला होतास ना? मागून? पिंप दिसतंय त्यात?"

दिसत होतं. आणि बँड जोरात आला, लोक ओरडले, की इस्कोच्या खांद्यांत वारं शिरतं हेही दिसत होतं. दांडा आधी डुलत फिरत होता, मग धावायला लागला होता.

या वेळी तिने तिघांनाही खरं ते सांगितलं. पिंप एक माणूस फिरवतो, तो जोशात येतो, आणि मोटर लावायची नाही. शाळेच्या चॅटबॉटने सांगितलं, व्हिडिओवरून त्याचा वेग मोजा, कुठे वाढतो आणि किती. आर्नेलचा म्हणाला, माणूस बदलू नका, पट्ट्या बदला. तो जिथे घाई करतो तिथल्या पट्ट्या लांब करा, जिथे सावकाश असतो तिथल्या आखूड, म्हणजे घाईघाईत फिरवूनही दिवे सुरावर पडतील. रोवेनाने ही दोन्ही उत्तरं जोडून इहोपुढे टाकली आणि चूक विचारली. इहो म्हणाला, पटांगणातला वेग मोजून उपयोग नाही, उत्सवात लोक कितीतरी जास्त असतील आणि तो कितीतरी जास्त धावेल. गर्दी आणा, मग मोजा. आणि मोजतोय हे त्याला आधी सांगू नका, सांगितलं तर त्याचा हात बदलेल.

तिन्ही उत्तरं अशी एकात एक बसली की रोवेनाने टेबलावर मूठ आपटली. "आणू गर्दी!"

रविवारी प्रार्थना संपल्यावर पाद्रीबाबांनी इस्को बाहेर तंबाखू ओढायला गेलाय असं बघून घेतलं आणि भक्तांना सांगितलं, "चार वाजता पटांगणात या. कंदील सुरू झाला की घसा फाटेपर्यंत ओरडा. का ते विचारू नका. हे पुण्याचं काम आहे."

आले. जीपवाले आले, मासळीवाल्या आल्या, शेजारच्या वस्तीतले हेरगिरी करायला आले होते तेही सामील झाले. बँड चढला तशी माणसं किंचाळायला लागली. कुणी भांडी बडवली, कुणी जीपचे भोंगे धरले. पिंपामागे इस्कोच्या अंगात आलं. दांडा असा फिरला की साखळी गायला लागली. आर्नेल मागे लपून पिंपाच्या कडेवरची खूण दर फेरीला कधी येते ते टिपत होता, आणि पुढे दिव्यांनी बँडला इतकं मागे टाकलं की तुतारीवाला हसून हसून वाजवू शकेना.

"कसं झालं?" इस्को घाम पुसत पुढे आला.

"भयंकर," दारा म्हणाली आणि त्याच्या गालाचा मुका घेतला. "असंच पाहिजे होतं."

खरं काय ते त्याला त्याच संध्याकाळी सांगावं लागलं, कारण मासळीवाल्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही. तो रुसला. कॉफीही घेईना.

"म्हणजे ते खोटं ओरडत होते?"

"ओरडायला सांगितलं होतं, बापा," रोवेना त्याच्या शेजारी बसली. "रडायला कुणी सांगितलं नव्हतं. मासळीवाली नेना रडत होती, मी पाहिलं."

इस्कोने नखांतला काळा मळ खरवडला. "आता मी काय करायचं? सावकाश फिरवू?"

"अजिबात नाही. तुम्ही जोशात या. पट्ट्या तुमच्याच हाताच्या मापाने कापतोय. शिंप्याने सदरा शिवावा तशा."

"माझ्या मापाने?"

"तुमच्याच."

त्याने कॉफी घेतली.

सगळी पट्टी पुन्हा सोलली, पुन्हा चिकटवली. रोवेना आकडे सांगत होती, दारा कापत होती, आणि शंका आली की तीन पडद्यांवर तीच शंका जात होती. आता रोवेना एकटा काय म्हणतो ते आधी वाचायची. त्यातल्या पुष्कळ गोष्टी फुसक्या निघायच्या, हसून सोडून द्यायच्या. पण वाचायची मात्र सगळ्या.

उत्सवाच्या संध्याकाळी मैदान माणसांनी काठोकाठ भरलं होतं. सान्ता रुफिनाचा ट्रक पुढे आला, जनरेटर धडधडला, बँडमास्तरने छडी उचलली. रोवेना दोराच्या पलीकडे दाराचा हात धरून उभी होती. 

लाल उमललं. पांढरं मिटायला लागलं. बँड, दिवे, बँड, दिवे, एका श्वासात चालले होते. ओलांडायचा क्षण आला आणि दोन्ही फुलं एकमेकांतून गेली. मैदान जे गरजलं ते रोवेनाला कानाने नाही, पोटात ऐकू आलं. इस्को आता धावत असणार. धावू दे! दिवे सुरावर पडत होते, एकन् एक!

मग अंधार झाला. मधोमध एकच दिवा.

आणि मैदान गप्प झालं.

हे कुणी धरलंच नव्हतं. तिन्ही चॅटबॉटनी नाही, गणिताच्या बाईने नाही, दारानेही नाही. सगळ्यांनी ओरडणाऱ्या गर्दीचा हिशोब केला होता. एवढी हजारो माणसं एका दिव्याकडे बघत श्वास धरून उभी राहतील हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. गर्दीच्या आवाजावर चालणारा तो हात आता कशावर चालणार? रोवेनाला आतून कळलं की इस्को हळू झालाय. दिवा तसाच होता. बँड शेवटच्या सुराच्या अलीकडच्या सुरावर येऊन ठेपला. आता भडाम व्हायला हवं होतं. झालं नाही.

"फिरव रे," दारा पुटपुटली. "फिरव, इस्को."

बँडमास्तरचा डोळा कंदिलावर होता. छडी त्याने खाली आणलीच नाही. तो सूर त्याने तसाच धरून ठेवला. तुतारीवाल्याचं तोंड टोमॅटोसारखं झालं. सूर ताणला, आणखी ताणला. एकटा दिवा, एकटा सूर. कुठेतरी एक तान्हं मूल खोकलं तेही सगळ्यांना ऐकू आलं.

मग मागून लोखंड करकरलं, छडी पडली, आणि सगळे दिवे एकदम आले.

पुढचं काही रोवेनाला धड आठवत नाही. अनोळखी बायका तिच्या गळ्यात पडत होत्या. आर्नेल ट्रकवरून उडी मारून आला, त्याने मावशीला उचलून गोल फिरवलं, ती त्याच्या डोक्यावर चपलेने मारत होती आणि हसत होती. निकाल जाहीर झाला तेव्हा सान्ता रुफिनाचं नाव अर्धंच ऐकू आलं. बाकी अर्धं आरोळीत बुडालं.

पहिला आलेल्या कंदिलाने पुन्हा एकदा नाचून दाखवायचं असतं. रोवेना ट्रकमागे धावली. इस्को पिंपाला टेकून बसला होता, तळहात लालबुंद.

"बापा, मध्येच थांबलात का?"

"मला वाटलं, तुटलं काहीतरी. लोक गप्प का झाले, ते कळेना." त्याने तळहात विजारीला पुसले. "चांगलं दिसलं का गं?"

"म्हणजे?"

"मी मागे असतो ना. इतकी वर्षं झाली. पुढून कधी बघितलाच नाही."

रोवेनाने ट्रकभोवती नजर टाकली. मग तिने आर्नेलला हाक मारली आणि दांडा त्याच्या हातात दिला.

"मी? आत्सी, पट्ट्या त्यांच्या मापाच्या आहेत!"

"फिरव."

इस्को दोरापाशी येऊन उभा राहिला, टोपी छातीशी धरून. बँड सुरू झाला. आर्नेल बिचारा जपून, सावकाश, एकसारखं फिरवत होता आणि सगळ्याचा सत्यानाश होत होता. लाल फूल रेंगाळलं, पांढरंही रेंगाळलं, एकटा दिवा लागला तेव्हा बँड केव्हाच संपला होता.

"अरे गाढवा!" दाराने कपाळावर हात मारला. "इस्को, हे असं नाही दिसत रे! तू फिरवतोस तेव्हा असं नाही दिसत!"

इस्कोला काही ऐकू जात नव्हतं. त्याचं तोंड उघडं होतं आणि सगळ्या चेहऱ्यावर लाल-पांढरा उजेड पडला होता.

"थांबू नकोस, पोरा!" तो दोरावरून वाकून ओरडला. "फिरव! अजून फिरव!"